भिंगारदिव्यांचा रिकामा कॅमेरा

माझी नात मनवा लग्नांचे फोटो काढते. गुडगावात तिचं ऑफिस आहे, म्हणजे एक खोली आणि एक कॉफीचं मशीन. गेल्या महिन्यात ती पर्यावरणाला न दुखावता फोटो कसे काढावेत, अशा कुठल्याशा दिवसभराच्या वर्गाला गेली आणि संध्याकाळी चकचकीत प्लॅस्टिकची फाइल घेऊन परत आली. ‘‘आजी, यार, आम्ही लोक किती वेस्ट करतो, तुला आयडिया नाही,’’ असं म्हणून तिने ती फाइल माझ्या मांडीवर टाकली. कमी फोटो काढा, पाणी जपून वापरा, रसायनं गटारात ओतू नका, जवळच्या कामाला गाडी काढू नका. मी दोन पानं वाचली आणि म्हटलं, ‘‘अगं, हे तर भिंगारदिवे.’’

‘‘कोण?’’ असं तिने विचारलं खरं, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली. ती काही लवकर परत यायची नाही. तेव्हा तुम्हालाच सांगते.

योहान भिंगारदिवे मूळचे नगरचे. दिल्लीत मी नोकरीला होते त्याच खात्यात सरकारी फोटोग्राफर होते आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बरोबर आमच्या खाली राहायचे. ऑफिसातल्या पंजाबी मंडळींना ते नाव पेलायचं नाही, म्हणून सगळे त्यांना दिवेजी म्हणत. बुटके, अंगाने काटक. नखं कायम तपकिरी, शर्टाच्या बाह्यांवर रसायनाचे डाग. सायकल हे त्यांचं एकमेव वाहन. मंत्रालयातली मीटिंग असो की कोपर्निकस मार्गावरच्या हॉलमधला मराठी मंडळींचा गणपती, हे आपले घंटी वाजवत हजर. गळ्यात दोन कॅमेरे, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. पर्यावरण हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. त्यांचं एकच वाक्य होतं : ‘‘वाया घालवू नये. आणि घालवायचंच असेल, तर दुसऱ्याच्या दारात घालवू नये.’’

हे वाक्य त्यांना माझ्या सासूबाईंनी शिकवलं. म्हणजे आमची ओळखच भांडणाने झाली. त्या काळी दिल्लीत कढीपत्ता मिळणं म्हणजे नवस फळण्यासारखं होतं. सासूबाईंनी पुण्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून एक रोप आणलं होतं आणि ते मागच्या नालीच्या कडेला लावून पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. ब्लॉकमधल्या साऱ्या मराठी घरांची फोडणी त्या एका झाडावर चालायची. भिंगारदिवे राहायला आले आणि दोन महिन्यांत ते झाड पिवळं पडून गेलं. उन्हाळ्यात दुपारी ऑफिसच्या डार्करूममध्ये पाणी नसे, म्हणून भिंगारदिवे फोटो धुवायचं काम घरी आणत आणि वापरलेला हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं ते रसायन, बिनधास्त नालीत ओतत. सासूबाईंनी खाली उतरून त्यांच्या दारात मेलेलं झाड मुळासकट ठेवलं. बोलल्या काहीच नाहीत. त्यांचं न बोलणं फार वाईट असायचं.

भिंगारदिवे त्या झाडाकडे बघत बराच वेळ उंबऱ्यात बसले. मग वर आले आणि सासूबाईंना म्हणाले, ‘‘आई, ही नाली पुढे नाल्याला मिळते आणि नाला यमुनेला. मी फक्त तुमचंच झाड मारलं असं नाही.’’ त्या दिवसापासून हायपोचा एक थेंब त्यांनी नालीत जाऊ दिला नाही. घरचा नाही आणि ऑफिसचाही नाही. ऑफिसचा वापरलेला हायपो ते पत्र्याच्या डब्यात भरून सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणायचे. कढीपत्त्याचं नवं रोपही त्यांनी कुठून कुठून आणून लावलं, आणि ते जगलं.

त्यांच्या घरात फोटो धुवायला तीन बादल्या असत. पहिलीतलं पाणी हायपोच्या डब्यात जायचं, दुसरीतलं पुढच्या खेपेला पहिलीच्या जागी यायचं, तिसरीतलं दुसरीच्या. नवीन पाणी फक्त शेवटच्या बादलीत. ‘‘आमच्या घरात पाण्याचीसुद्धा बदली होते,’’ असं त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी म्हणायच्या. डब्यांमध्ये ते वहिनींच्या जुन्या झालेल्या तारेच्या घासण्या टाकून ठेवत. काही आठवड्यांनी तळाशी काळपट गाळ बसायचा. उरलेलं पाणी गच्चीवर पसरट थाळ्यांत उन्हाला ठेवून आटवायचे. शेजारीच सासूबाईंचे पापड वाळत. मध्ये खडूची एक रेघ मारलेली होती आणि ती ओलांडायची कुणाची टाप नव्हती.

तो गाळ घेऊन ते एकदा करोल बागेतल्या एका चांदीच्या कारागिराकडे गेले. तो आधी हसला. चिखल कोण वितळवून देणार? पण भिंगारदिवे हलेनात, तेव्हा त्याने मुशीत टाकून भाता फुंकला. मुशीच्या बुडाशी हरभऱ्याएवढा चांदीचा मणी उरला. फोटोच्या कागदावरची चांदी हायपोत उतरते, हे भिंगारदिव्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. परत येताना ते सायकलवरून उतरून चालत आले, म्हणाले, ‘‘खिशात सरकार होतं ना.’’

कारण चांदी सरकारची. त्यात त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. त्यांनी स्टोअरला रीतसर टिपण लिहिलं की वापरलेल्या हायपोतून निघालेली चांदी जमा करून घ्यावी. उत्तर आलं : द्रवरूपात दिलेली वस्तू घनरूपात परत घेण्याची तरतूद नाही. त्यांनी दुसरं टिपण लिहिलं, तिसरं लिहिलं. तिन्ही तोच शेरा घेऊन परत आली. कोरी पाठ असलेला कागद फेकणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं, म्हणून त्या तिन्ही टिपणांच्या मागे सुमतीवहिनींनी भाजीच्या याद्या केल्या.

आता या माणसाला गंभीर समजू नका. अंगात खोडी भरलेली होती. त्यांच्या गळ्यातल्या दोन कॅमेऱ्यांपैकी डावा कायम रिकामा असायचा, हे साऱ्या दिल्लीत फक्त मला आणि वहिनींना माहीत होतं. फोटो म्हटलं की माणसं ताठ होतात, श्वास धरतात, पोट आत ओढतात. भिंगारदिवे डावा कॅमेरा डोळ्याला लावून खटकन दाबायचे आणि ‘‘झालं, झालं’’ म्हणायचे. माणसं श्वास सोडायची, कुणी शेजारच्याला कोपर मारायचं, कुणाची मान हळूच वळायची. त्याच क्षणी उजवा. एकच. ‘‘खोट्या चेहऱ्यावर फिल्म कशाला जाळायची?’’ हा त्यांचा हिशेब. एकदा हळदीकुंकवाला एक मोठ्या हुद्द्याच्या बाई हटून बसल्या की मला पहिला फोटो पाहिजे, त्यात मी नीट बसले होते. भिंगारदिवे अत्यंत आदराने म्हणाले, ‘‘बाईसाहेब, देवाशपथ सांगतो, पहिल्यात तुम्ही आलाच नाहीत.’’ मी कुंकवाचा करंडा घेऊन आत पळाले.

तर चांदी. बरीच वर्षं मणी साठले, तेव्हा भिंगारदिव्यांनी त्याच कारागिराकडून एक कप करून घेतला आणि ऑफिसच्या रिक्रिएशन क्लबला कॅरमचा फिरता चषक म्हणून फोटो विभागातर्फे देऊन टाकला. चांदीचा आहे हे मला आणि वहिनींना सोडून कुणाला सांगितलं नाही. ‘‘सांगितलं तर कपाटात कुलुपात ठेवतील. खेळतील कोण?’’ सगळ्यांनी तो जर्मन सिल्व्हरचा धरला. पहिल्याच वर्षी तो जिंकला आमच्या सक्सेनासाहेबांनी. ते प्रशासनाचे प्रमुख, मिशी भरघोस, आवाज त्याहून. त्यांच्यासमोर राणी घ्यायची हिंमत कुणात नव्हती, त्यामुळे पुढची चार वर्षंही तेच जिंकले. कप त्यांच्या घरी टीव्हीवर प्लॅस्टिकची फुलं खोचून उभा राहिला. फिरता चषक एकदाच फिरला, ऑफिसातून साहेबांच्या घरी.

याच सक्सेनासाहेबांशी भिंगारदिव्यांचं बिनसलं, आणि दोष द्यायचा तर भिंगारदिव्यांनाच द्यावा लागेल. दर जुलैत ऑफिसच्या आवारात साहेब झाड लावायचे. खड्डा तोच, कारण आधीच्या वर्षीचं झाड मेलेलं असायचं. पाणी घालायचं काम कुठल्या विभागाचं हे ठरलेलं नव्हतं. दोन वर्षं भिंगारदिव्यांनी फोटो काढले. रोज जाता-येता आपल्या बाटलीतलं पाणीही घातलं, पण रविवार-सुट्ट्यांना झाड तहानलेलंच राहायचं. तिसऱ्या वर्षी मला म्हणाले, ‘‘देवधरबाई, खड्डा तोच, साहेब तेच, फावडं तेच. मेलेल्या झाडासाठी नवी फिल्म वाया घालवणं बिल्कुल बरोबर नाही.’’ त्यांनी रिकामा कॅमेरा दाबला आणि ऑफिसच्या गृहपत्रिकेला गेल्या वर्षीच्या निगेटिव्हचा फोटो दिला.

मधल्या काळात साहेबांनी मिशी काढली होती. रोज दिसणारी गोष्ट, पण भिंगारदिव्यांच्या लक्षात आली नाही. माणसांकडे ते कॅमेऱ्यातून बघायचे, आणि त्या दिवशी कॅमेरा रिकामा होता. पत्रिका छापून आली. त्यात साहेब मिशीसकट झाड लावत होते आणि खाली ‘यंदाचा वृक्षारोपण समारंभ’. आठवडाभर लिफ्टमध्ये लोक साहेबांच्या वरच्या ओठाकडे बघत होते. कुणीतरी आदबीने विचारलंही, ‘‘सर, फिर से रख ली?’’

महिन्याभरात भिंगारदिव्यांवर चौकशी बसली. आरोप : सरकारी रसायन परवान्याशिवाय गेटबाहेर नेणे आणि त्यातील चांदी हडप करणे.

त्यांची निवृत्ती चार महिन्यांवर होती. आमच्या खात्यात एक रिवाज होता. निवृत्त होणाऱ्या माणसाला खुर्चीवर मधोमध बसवून, हार घालून सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा आणि तो दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात लावायचा. चौकशी चालू असलेल्याचा फोटो लागत नसे. त्या भिंतीवरचा प्रत्येक फोटो भिंगारदिव्यांनीच काढलेला होता, त्यामुळे कोण नाही आणि का नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. एरवी कशाचं काही न वाटणारा हा माणूस त्या संध्याकाळी वर आला, सासूबाईंच्या रिकाम्या पलंगापाशी, त्या तोवर गेल्या होत्या, बसला आणि म्हणाला, ‘‘बाई, पेन्शन उशिरा मिळाली तर सुमती सांभाळून घेईल. पण त्या भिंतीवर माझी जागा चोर म्हणून रिकामी राहायला नको.’’ नियमाप्रमाणे चौकशीत एक सहकारी मदतीला घेता येतो. मी म्हटलं, मी येते.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी ते कपाचं सांगून मोकळे होतील. तर नाही. ‘‘आत्ता नको. सगळे ताठ बसलेत,’’ म्हणाले. चौकशीला दुसऱ्या खात्यातले टंडन नावाचे अधिकारी होते, सज्जन पण कंटाळलेले. आम्ही पुरावा म्हणून स्टोअरची तीन टिपणं दिली. टंडनसाहेबांनी पहिलं उलट्या बाजूने धरलं. पाठीमागे वहिनींनी भाजीवाल्यासाठी हिंदीतच लिहिलेलं असल्यामुळे ते त्यांना व्यवस्थित वाचता आलं. ‘‘मेथी दो गड्डी, सूरन आधा किलो,’’ ते मोठ्याने म्हणाले. ‘‘ये क्या है, दिवेजी?’’

‘‘सर, वो भी सच है,’’ भिंगारदिवे म्हणाले. ‘‘दूसरी तरफ़ भी पढ़ लीजिए।’’

दुसरी बाजू वाचून त्यांना जरा जाग आली. पण मुद्दा राहिलाच : चांदी काढली हे कबूल, मग ती आहे कुठे? ते काही भिंगारदिवे सांगेनात. तारखांमागून तारखा गेल्या. निवृत्तीला अकरा दिवस उरले. मी त्यांच्यावर चिडले, वहिनी चिडल्या. ‘‘खेळ आहे का हा?’’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘माझ्याकडे फिल्म एकच आहे, बाई. हलली तर संपलं.’’

शेवटच्या तारखेला सक्सेनासाहेब साक्षीला आले. तासभर तावातावाने बोलले. डबे, सायकल, गेट, सरकारची फसवणूक. बोलून दमले, पाणी प्यायले, खुर्चीत मागे रेलले. टंडनसाहेबांनी विचारलं, आरोपीला काही प्रश्न विचारायचे आहेत का? भिंगारदिवे उठले.

‘‘एक ही है। सर, आपके घर टीवी पर जो कैरम का कप है, वो बरसात में काला पड़ता है?’’

‘‘पड़ता है,’’ साहेब म्हणाले. ‘‘मिसेज़ टूथ पाउडर से रगड़ती हैं तो फिर चमक जाता है। इसका इस मामले से क्या ताल्लुक?’’

‘‘बस सर, इतना ही।’’ आणि टंडनसाहेबांकडे वळून, ‘‘काली तो चाँदी पड़ती है, सर। कप मँगवा लीजिए और नीचे का मखमल हटवा दीजिए।’’

ऑफिसची गाडी गेली. कप टॉवेलमध्ये गुंडाळून आला, एक प्लॅस्टिकचं फूल आत राहून गेलं होतं. टंडनसाहेबांनी कागद कापायच्या सुरीने बुडाखालचं हिरवं मखमल सोडवलं. खाली कारागिराच्या वेड्यावाकड्या अक्षरांत कोरलेलं होतं : सरकार का हाइपो, सरकार की चाँदी, सरकार को वापस. टंडनसाहेबांनी ते वाचलं, कप टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. सक्सेनासाहेब एवढंच म्हणाले, ‘‘मुझे तो जर्मन सिल्वर बताया गया था।’’

म्हणजे पाच वर्षं सरकारची चांदी कुणाच्या घरी होती, हे कागदावर आणायची वेळच आली नाही. दोन दिवसांत चौकशी बंद झाली. डबे गेटबाहेर नेण्याबद्दल भिंगारदिव्यांना एक लेखी समज मिळाली, तिच्या मागेही वहिनींनी यादी केली.

निवृत्तीच्या दिवशी आवारात खुर्च्या मांडल्या. मधोमध भिंगारदिवे, गळ्यात झेंडूचा हार. शेजारी आमचे महासंचालक, पलीकडे सक्सेनासाहेब, तेही आले होते आणि हारही त्यांनीच घातला होता. फोटो काढायचा कुणी? भिंगारदिव्यांनी दोन्ही कॅमेरे माझ्या गळ्यात घातले. ‘‘सगळं जुळवून ठेवलंय. फक्त दाबायचं. आधी डावा, मग उजवा. नेहमीसारखं.’’

मी डावा उचलला, खटकन दाबला आणि त्यांच्यासारखंच म्हटलं, ‘‘हो गया, हो गया.’’ सगळ्यांनी श्वास सोडला. चेहरे असे काही उमलले की विचारू नका. मी डावा सोडून उजवा शोधते आहे, त्याचा पट्टा माझ्या पदरात अडकलाय, तोच महासंचालक म्हणाले, ‘‘चलिए भाई, समोसे ठंडे हो रहे हैं,’’ आणि उठले. ते उठले म्हटल्यावर सगळे उठले. मी पट्टा सोडवला तेव्हा तीन रांगा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मध्ये भिंगारदिवे एकटे हार घालून बसले होते, पोट धरून हसत.

मी रडकुंडीला आले. ‘‘सगळ्यांना परत बोलावते,’’ म्हटलं. त्यांनी माझा हात धरला. ‘‘काय सांगून बोलावणार? तीस वर्षं मी तुम्हाला रिकामा कॅमेरा दाखवत आलो, असं? गप्प बसा, बाई.’’ त्या एकट्या हसणाऱ्या माणसाचाच फोटो उजव्या कॅमेऱ्याने काढता आला असता, हे मला सरोजिनी नगरला पोचल्यावर सुचलं. अजूनही अधूनमधून सुचतं आणि जेवण जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचले, तर दुसऱ्या मजल्यावर ठोकाठोक चालली होती. भिंगारदिवे स्टुलावर चढून स्वतःच खिळा मारत होते. आता त्यांना तिथे काही कामही नव्हतं आणि अधिकारही नव्हता, पण त्यांना अडवायचं कुणाच्या मनात येईना. फ्रेम लावून ते खाली उतरले. खाली पट्टी होती : श्री. योहान भिंगारदिवे यांची सेवानिवृत्ती. वर फोटो होता पाच वर्षांपूर्वीचा, कप दिला त्या दिवशीचा. सक्सेनासाहेब मिशीसकट कप धरून उभे, आजूबाजूला आम्ही सगळे, नुकतंच ‘झालं, झालं’ ऐकलेले, कुणी हसतंय, कुणी पदर सावरतंय. भिंगारदिवे त्यात कुठेच नव्हते.

‘‘अहो, यात तुम्ही नाहीत,’’ मी म्हटलं.

‘‘माणसं तीच आहेत. नवी फिल्म कशाला?’’ त्यांनी फ्रेम बोटाने जराशी सरळ केली आणि मागे सरून बघितली. ‘‘आणि सगळे माझ्याकडेच बघतायत की.’’

मी बघितलं. खरंच बघत होतो, सगळे.

मग त्यांनी हातोडी पिशवीत टाकली, डार्करूमकडे गेले आणि शेवटचा डबा घेऊन आले. व्हरांड्याच्या कठड्यावरून मी खाली बघत होते. त्यांनी तो कॅरियरला दोरीने बांधला, झाकण दाबून पाहिलं, गेटवर थांबून गेटवाल्याला काहीतरी सांगितलं. तो हसला आणि त्याने दांडी वर केली. सायकल बाहेर रस्त्याला लागली.